ताकेदा घराणं खरंच बंदुकांनी बुडवलं का?

बखरवाचक (धागाकर्ता)

जपानच्या सामुराईंबद्दल आपल्याकडे जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात ताकेदा घराण्याचा निकाल दोन वाक्यांत लागतो. बाप शिंगेन मोठा सेनानी, मुलगा कात्सुयोरी उतावळा. १५७५ साली नागाशिनोला त्यानं घोडदळ ओदा नोबुनागाच्या बंदुकांवर घातलं आणि जुनं घराणं धुळीला मिळवलं. मला हे पटत नाही, आणि कात्सुयोरीवर अन्याय करणारंही वाटतं. नागाशिनोनंतर हे घराणं जवळजवळ सात वर्षं टिकलं. मधल्या काळात उत्तरेकडे नवा मुलूखही जोडला. बुडालं ते १५८२ च्या वसंतात, दीडेक महिन्यात, आणि बऱ्याच ठिकाणी तलवार न उपसता. माझ्या मते त्याला सोयऱ्यांनी बुडवलं. कसं, ते सविस्तर लिहितो.

मूळ पुरुष मिनामोतो कुळातला योशिमित्सु. त्याचे वंशज बाराव्या शतकात काई प्रांतात, म्हणजे आजच्या यामानाशीत, वसले. काईला चारी बाजूंनी डोंगर, दक्षिणेला फुजी, मधोमध कोफूचं खोरं. समुद्र कुठेच नाही, मीठसुद्धा शेजाऱ्याच्या मर्जीनं यायचं. प्रांताची सुभेदारी बहुतेक काळ ताकेदांकडे राहिली, पण पंधराव्या शतकात ती नावापुरती उरली होती. दक्षिणेकडचं फुजी नदीचं खोरं आनायामांचं, पूर्वेचा डोंगराळ भाग ओयामादांचा, आणि हे वतनदार सुभेदाराला जुमानत नसत. शिंगेनचा बाप नोबुतोरा पोरवयात गादीवर आला आणि लढून लढून त्यानं प्रांत एक केला. १५१९ साली कोफूला वाडा बांधून सरदारांना तिथे राहायला आणलं. पण आनायामा आणि ओयामादा यांना पुरतं मोडणं त्याला जमलं नाही. मग त्यानं सोयरिकी केल्या. ओयामादांच्या घरात बहीण दिली, आनायामांच्या घरात मुलगी. त्यांचा मुलूख, त्यांची माणसं, त्यांचा वसूल त्यांच्याकडेच राहिला. ही दोन नावं लक्षात ठेवा.

शिंगेननं हाच कित्ता शेजारच्या शिनानो प्रांतात गिरवला. १५४२ साली सुवाच्या योरिशिगेला संपवलं आणि त्याचीच मुलगी घरात आणली. कात्सुयोरी हा तिचा मुलगा. किसोच्या खोऱ्यातला योशियासु शरण आला, त्याच्या मुलाला, योशिमासाला, शिंगेननं मुलगी दिली. निशिना घराण्यात आपला एक मुलगा दत्तक बसवला. हा दिग्विजय सरळ रेषेत झाला असं मात्र समजू नका. शिनानोतल्याच मुराकामी योशिकियोनं १५४८ मध्ये उएदाहाराला आणि १५५० मध्ये तोइशीला शिंगेनला चांगलंच झोडपलं. मुराकामी पुढे उत्तरेला एचिगोत पळाला आणि तिथल्या उएसुगी केनशिनला घेऊन परतला. त्यातून १५५३ ते १५६४ अशा कावानाकाजिमाच्या पाच मोहिमा झाल्या. चौथ्या लढाईत, १५६१ साली, शिंगेनचा सख्खा भाऊ नोबुशिगे पडला. त्यावर वेगळा धागा काढता येईल, इथे थांबत नाही.

आता थोडा हिशेब. १५९८ च्या मोजणीत काईचं उत्पन्न साधारण सव्वादोन लाख कोकु भरलं. एक कोकु म्हणजे सुमारे दीडशे किलो तांदूळ. नोबुनागाच्या एकट्या ओवारी प्रांताचं उत्पन्न पावणेसहा लाखांच्या घरात होतं. एवढ्याशा प्रांतावर मोठी फौज पोसायची तर सतत नवा मुलूख घ्यावा लागतो, कारण सरदाराला बक्षीस म्हणून द्यायला जमीनच लागते. थांबलात की सरदार इकडेतिकडे बघायला लागतो.

आणि याच पायात सगळ्यात मोठी भेग पडली ती वारसाची. थोरला मुलगा योशिनोबु, त्याची बायको सुरुगाच्या इमागावांची लेक. १५६० साली ओकेहाझामाला इमागावा योशिमोतो मारला गेला, ते घराणं खिळखिळं झालं आणि शिंगेनचा डोळा सुरुगाच्या किनाऱ्यावर गेला. १५६५ मध्ये योशिनोबुवर बापाविरुद्ध कटाचा आरोप आला. त्याला वाढवणाऱ्या ओबु तोरामासाला मरावं लागलं, योशिनोबु कैदेत गेला आणि १५६७ मध्ये मेला. त्याच सुमारास शिंगेननं सरदारांकडून निष्ठेची शपथपत्रं लिहून घेतली. उएदाजवळच्या इकुशिमा तारुशिमा देवळात ती अजून जपलेली आहेत. सगळं आलबेल असतं तर एवढ्या शपथा कोण घेतो?

दुसरा मुलगा आंधळा, तिसरा लवकर गेलेला. उरला चौथा, कात्सुयोरी. तो वाढला होता सुवांचा वारस म्हणून. ताकेदांच्या वारसाच्या नावात 'नोबु' असतं, याच्या नावात सुवांचं 'योरी'. १५७३ मध्ये मिकाताहाराजवळ नोबुनागाच्या दोस्ताला, तोकुगावा इएयासुला, धूळ चारून शिंगेन पश्चिमेकडे निघाला होता, तो वाटेत आजारी पडून मेला. 'कोयो गुनकान' या घराण्याच्या बखरीत म्हटलंय की त्यानं गादी नातवाला, नोबुकात्सुला, ठेवली होती. कात्सुयोरीनं फक्त तो सोळा वर्षांचा होईपर्यंत कारभार बघायचा, आणि वारा-वन-आग-डोंगर ही अक्षरं असलेलं शिंगेनचं प्रसिद्ध निशाणसुद्धा वापरायचं नाही. बखर नंतर रचलेली आहे, शब्दन् शब्द धरून चालू नये. पण जुन्या सरदारांच्या मनात कात्सुयोरी धनी नव्हता, कारभारी होता, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

---

कोजागिरी

मस्त सुरुवात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक विचारायचं होतं, नोबुतोराचं पुढे काय झालं? मी कुठेतरी वाचलंय की शिंगेननं बापालाच हाकलून दिलं.

---

बखरवाचक

हो, हाकललं. १५४१ साली नोबुतोरा जावयाला, म्हणजे इमागावा योशिमोतोला, भेटायला सुरुगात गेला. तो परत येताना शिंगेननं सरहद्द बंद केली. शिंगेन तेव्हा विसाव्या वर्षात होता. रक्त सांडलं नाही, याचा अर्थ सगळे सरदार आधीच पोराच्या बाजूला होते. आदल्या वर्षापासून काईत दुष्काळ होता आणि नोबुतोराची युद्धं थांबत नव्हती. तिथल्या एका मठाच्या नोंदींत चक्क लिहिलंय की नोबुतोरा गेला म्हणून लोकांना आनंद झाला.

आणखी एक. नोबुतोरा मुलाच्या मागे मेला, १५७४ मध्ये. हाकलून दिलेला बाप गादीवरच्या मुलापेक्षा जास्त जगला.

शिंगेनला देवत्व देणाऱ्यांसाठी हेही सांगतो. १५४७ मध्ये शिगाचा किल्ला घेताना त्यानं मदतीला आलेल्या फौजेची कापलेली मुंडकी किल्ल्याभोवती मांडली होती. किल्ला पडल्यावर धरलेली माणसं काईत नेली आणि ज्यांचे नातेवाईक पैसे भरू शकले त्यांची सुटका झाली. बाकीचे विकले गेले. त्याच वर्षी त्यानं प्रांतासाठी कायदा केला, आणि त्यात खुद्द धनी नियम मोडत असेल तर कोणीही अर्ज करावा असं कलम घातलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच वर्षातल्या.

---

नदीकाठ

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, नदीच्या कामांवर गेली. त्यामुळे लढायांपेक्षा शिंगेनच्या बांधाबद्दल बोलतो.

कोफूच्या खोऱ्यात कामानाशी नदी उत्तरेकडून येते. तिला पश्चिमेच्या डोंगरातून मिदाई नदी येऊन मिळते, उताराला प्रचंड, गाळ-गोटे घेऊन. पुरात मिदाईचा लोंढा कामानाशीला आडवा धडकायचा आणि सगळं पाणी पूर्वेला, वस्तीवर जायचं. साधा माणूस काय करेल? धडकेच्या जागी उंच भिंत बांधेल, आणि ती दर दहा वर्षांनी फुटेल. शिंगेनच्या माणसांनी आधी मिदाईलाच हात घातला. पात्रात दगडी पाचर बांधून प्रवाह दुभंगवला आणि मुख्य धार उत्तरेकडे वळवली, अशी की ती कामानाशीला एका नैसर्गिक कड्यासमोर मिळेल. लोंढ्याचा सगळा मार त्या कड्यानं खायचा. त्याच्या खाली, र्‍यूओ गावापाशी, मग मातीचा बांध.

खालच्या अंगाला बांध सलग नाहीत. तुकड्या-तुकड्यांचे, एकमेकांवर तिरके चढलेले, मधे मुद्दाम वाट सोडलेली. पूर आला की पाणी त्या वाटेनं उलटं, हळूहळू शेतात शिरतं, आणि ओसरला की त्याच वाटेनं नदीत परत जातं. शेतात गाळ राहतो, तो फुकट मिळालेलं खत. बांध फुटून एकदम येणारं पाणी माणसं मारतं. असं मागच्या दारानं येणारं पाणी फक्त पाय भिजवतं. पात्रात जागोजागी लाकडाच्या तिकाटण्या रोवायच्या, बुडाशी गोट्यांनी भरलेल्या बांबूच्या करंड्या ठेवून वजन द्यायचं, म्हणजे काठाजवळचा वेग मोडतो. आम्ही याच कामाला पुढे तारेच्या जाळीतले दगड वापरले.

सगळ्यात मला आवडलेला भाग देखभालीचा. १५६० सालचा शिंगेनचा हुकूम आहे: र्‍यूओच्या बांधावर जो येऊन घर करेल त्याला घरपट्टी माफ. ताकेदांची घरपट्टी जबर होती, शेजारी पळून गेला तर त्याचीही उरलेल्यांकडून वसूल व्हायची. अशा राज्यात माफी म्हणजे मोठं आमिष. बांधावर गाव वसलं की उंदराचं बीळ, खचलेली कड, पहिली गळती रोज कोणाच्या तरी नजरेला पडते. वर दरवर्षी देवाची पालखी बांधावरून नाचत नेण्याची प्रथा, त्यात माती आपोआप तुडवली जाते. राज्य गेलं, घराणं गेलं, बांध आजही आहे.

---

आडवाट

नदीकाठ काका, सुंदर माहिती. _/\_

बखरवाचक, तुमच्या मूळ मुद्द्याशी मात्र असहमत. नागाशिनो निर्णायक नव्हतं कसं? बाबा नोबुहारु, यामागाता मासाकागे, नाइतो, हारा मासाताने, सानादांचे दोन भाऊ, एका दिवसात गेले. शिंगेनबरोबर तीस-तीस वर्षं घासलेली माणसं. समोर साधारण अडतीस हजार, आपल्याकडे पंधरा हजार. पुढे नदी, तिच्यामागे लाकडी कुंपणं, कुंपणांमागे बंदुका, खाली पावसाळी चिखल. म्हातारे सरदार माघार घ्या म्हणत होते. ऐकलं नाही. याला उतावीळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? सोयरे फिरले हे खरं, पण फिरले का? कारण ज्यांच्या धाकानं ते गप्प होते ती माणसं नागाशिनोला मेली.

---

बखरवाचक

@आडवाट, धाकाचा मुद्दा वजनदार आहे आणि मला तो मान्य आहे. पण लढाईचं चित्र जरा वेगळं मांडतो.

नागाशिनोचा किल्ला कोणाच्या ताब्यात होता? ओकुदाइरा सादामासाच्या. हा शिंगेनच्या हयातीत ताकेदांचा मांडलिक. शिंगेन मेल्याची कुणकुण लागताच १५७३ मध्ये तोकुगावांना मिळाला. कात्सुयोरीनं त्याचे ओलीस मारले. इएयासुनं त्याला आपली थोरली मुलगी देऊ केली. म्हणजे सोयरिकीचा जो खेळ नोबुतोरा आणि शिंगेन खेळले, तोच आता समोरचे खेळत होते, आणि त्यांच्याकडे द्यायला जास्त होतं. अशा फितुराला धडा न शिकवता कात्सुयोरी परत गेला असता तर उरलेल्या ओकुदाइरांनी काय निष्कर्ष काढला असता?

दुसरं, तो डोळे मिटून कुंपणावर गेला हेही पूर्ण चित्र नाही. पहाटे इएयासुचा सरदार साकाई तादात्सुगु डोंगरातून वळसा घालून ताकेदांच्या पाठीमागे उतरला आणि तोबिगासुयामाची ठाणी जाळली. पुढे कुंपण, मागे शत्रू, किल्ला अजून उभा. लढाई पहाटेपासून दुपारपर्यंत चालली, तुकडीमागून तुकडी, बहुतेक पायीच. एका धडकेत घोडदळ भाजून निघालं ही कल्पना नंतरची. नोबुनागाच्या तीन हजार बंदुका हा आकडासुद्धा वादाचा आहे. त्याच्या चरित्राच्या हस्तलिखितांत हजारही सापडतो.

बंदुका ताकेदांकडेही होत्या. शिंगेननं त्या फार आधी घेतल्या. कमी होतं ते शिसं आणि दारू. सोरा आणि शिसं समुद्रावरून यायचं, मोठी बाजारपेठ साकाई बंदर, आणि ते १५६९ पासून नोबुनागाच्या मुठीत. डोंगरातल्या प्रांताचा गळा तिथे आवळला गेला होता.

आणि रणातून कोण लवकर निघालं? 'कोयो गुनकान'चा ठपका आनायामा बाइसेत्सुवर आहे. आई शिंगेनची बहीण, बायको शिंगेनची मुलगी. बाबा आणि यामागाता लढत मेले, आणि सोयरा आपली फौज शाबूत घेऊन घरी गेला. कात्सुयोरी त्याला बोट लावू शकला नाही, कारण दक्षिणेचं खोरं आनायामांचं होतं. नोबुतोरानं १५२० च्या दशकात जे अर्धवट सोडलं, ते नातवाच्या पिढीपर्यंत तसंच.

---

उत्सुक_वाचक

ताकेदांकडे सोन्याच्या खाणी होत्या ना? मग पैशाची चणचण कशी?

---

नदीकाठ

होत्या, कुरोकावा आणि युनोओकु या नावाजलेल्या. डोंगरात खोदायचं, गारगोटीचा दगड जात्यात दळायचा, मग पाण्यात धुवायचा. खाणकामगारांची वस्ती स्वतंत्र, आणि ही माणसं वेढ्यातही कामाला यायची. १५७१ मध्ये फुकाझावाच्या किल्ल्याखाली सुरुंग खणल्याबद्दल शिंगेननं त्यांना बक्षीस दिल्याची कागदपत्रं आहेत. काईच्या नाण्याची पद्धत, एक र्‍योचे चार बु आणि बुचे चार शु, तोकुगावांनी पुढे अख्ख्या जपानला लावली. पण खाण कधीतरी आटतेच, आणि कात्सुयोरीच्या वाट्याला ती आटतानाची वर्षं आली.

---

तळटीप

बखरवाचकांच्या बाजूनं थोडी भर. माझ्या मते खरी चूक १५७८ ची, आणि खरा घाव १५८१ चा.

१५७८ मध्ये उएसुगी केनशिन गेला. दोन दत्तक मुलांत गादीचं भांडण लागलं. कागेतोरा हा पूर्वेच्या होजोंच्या घरातून आलेला, होजो उजिमासाचा भाऊ. दुसरा कागेकात्सु, केनशिनचा भाचा. कात्सुयोरीची बायको उजिमासाचीच बहीण, म्हणजे कागेतोरा त्याचा मेहुणा. तो निघाला मेहुण्याच्या मदतीला, आणि वाटेत कागेकात्सुनं सोनं आणि मुलूख देऊ केल्यावर त्याच्याशी तह करून बसला, वर त्याला बहीण दिली. १५७९ मध्ये कागेतोरा मेला. होजो उलटले आणि इएयासुला मिळाले. काईला आता पूर्वेकडून होजो, दक्षिणेकडून तोकुगावा, पश्चिमेकडून ओदा. उत्तरेला नवा दोस्त, तोही भाऊबंदकीनं थकलेला. पूर्व कोझुकेत सानादा मासायुकीनं १५८० मध्ये नुमाता घेतलं खरं, पण त्या एका किल्ल्यापायी तीन सरहद्दी पेटल्या.

आता ताकातेन्जिन. तोतोमीतला हा किल्ला शिंगेनला घेता आला नव्हता, कात्सुयोरीनं १५७४ मध्ये घेतला. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं यश. इएयासुनं त्याच्याभोवती ठाण्यांचा फास टाकला आणि रसद तोडली. आत किल्लेदार ओकाबे मोतोनोबु. १५८१ च्या सुरुवातीला आतल्यांनी शरण येतो, आणखी दोन किल्लेही देतो, असा निरोप पाठवला. नोबुनागाचं त्यावरचं पत्र उपलब्ध आहे आणि ते वाचून अंगावर काटा येतो. त्याचा हिशेब असा की शरणागती घेऊ नका. कात्सुयोरी सोडवायला आला तर मैदानात संपवू. आला नाही तर त्यानं आपली माणसं मरू दिली हे सगळ्या प्रांतांत जाहीर होईल.

कात्सुयोरी आला नाही. येऊ शकत नव्हता, पूर्वेला होजो टपलेले. वसंतात आतले उपाशी लोक दरवाजे उघडून बाहेर पडले आणि जवळजवळ सातशे कापले गेले. ही शिबंदी एका गावची नव्हती. काई, शिनानो, सुरुगा, कोझुके, सगळीकडची माणसं त्यात होती. म्हणजे प्रत्येक खोऱ्यातल्या कुठल्या ना कुठल्या घरात ती बातमी पोचली: धनी आला नाही. पुढच्या वर्षी दरवाजे आपोआप का उघडले याचं उत्तर मला इथे दिसतं.

---

आडवाट

ताकातेन्जिनची बाजू पटली. पण मेहुण्याला सोडून सोनं घेणारा माणूस फार दूरचं बघत होता असं मी काही म्हणणार नाही.

---

बखरवाचक

@तळटीप, फार नेमकं. आता शेवट लिहून टाकतो.

१५८१ मध्ये कात्सुयोरीनं निरासाकीला कड्यावर शिन्पु नावाचा नवा किल्ला बांधायला घेतला आणि वर्षअखेरीस कोफूचा वाडा सोडून तिथे गेला. शिंगेननं काईत राहायला मोठा किल्ला बांधला नव्हता, म्हणून हे भ्याडपणाचं लक्षण मानणारे आहेत. मला त्यात कारभाराचा विचार दिसतो: सरदारांना त्यांच्या खोऱ्यांतून उपटून नव्या राजधानीत आणायचं, आजोबांचं राहिलेलं काम पुरं करायचं. पण त्यासाठी बिगार आणि पैसा वसूल केला तो आधीच पिळलेल्या मुलखातून.

फेब्रुवारी १५८२ मध्ये पहिला फुटला किसो योशिमासा, शिंगेनचा जावई. शिन्पुला ओलीस असलेली त्याची आई, मुलगा आणि मुलगी मारली गेली. नोबुनागाचा मुलगा नोबुतादा शिनानोत शिरला. त्याच दिवसांत आसामा ज्वालामुखी पेटला आणि लोकांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. एकामागून एक किल्ले रिकामे झाले. दुसरा फुटला आनायामा बाइसेत्सु. ताकातोला मात्र निशिना मोरिनोबु, कात्सुयोरीचा सावत्र भाऊ, लढून मेला.

शिन्पु अजून पुरा बांधूनही झाला नव्हता. कात्सुयोरीनं तो स्वतः पेटवला आणि पूर्वेला निघाला, कारण ओयामादा नोबुशिगेनं आपल्या इवादोनो किल्ल्यावर बोलावलं होतं. सासागो खिंडीपाशी पोचल्यावर कळलं की ओयामादानं वाट अडवली आहे. तिसरा. सोबतची माणसं रोज गळत होती. ३ एप्रिल १५८२ रोजी तेनमोकुझानच्या पायथ्याला, तानो इथे, सगळं संपलं. कात्सुयोरी छत्तीस वर्षांचा होता. नोबुकात्सु, ज्याच्यासाठी गादी राखून ठेवली होती, तो सोळाव्या वर्षात होता.

---

कोजागिरी

वाचून गलबलून आलं. यातल्या बायकांबद्दल लिहायलाच हवं.

कात्सुयोरीची बायको होजोंची लेक, १५७७ मध्ये काईत आली तेव्हा चौदा वर्षांची. दोनच वर्षांत माहेर आणि सासर वैरी झाले. अशा वेळी मुलीला परत नेण्याची रीत होती, ती गेली नाही. किसो फुटल्याची बातमी आली तेव्हा तिनं निरासाकीच्या ताकेदा हाचिमान देवळात नवऱ्याच्या विजयासाठी लिहून ठेवलेला नवस प्रसिद्ध आहे. किसोनं स्वतःच्या आईलाही टाकून विश्वासघात केला, असं ती त्यात देवाला सांगते. शेवटी कात्सुयोरीनं तिला माहेरी, ओदावाराला, जा म्हणून सांगितलं, तिनं नकार दिला अशी परंपरा आहे. तानोला ती गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

तुमच्या सोयरिकीच्या मुद्द्यात हे बसवून बघा. मुली देऊन बांधलेले पुरुष सगळे सुटले. बांधली गेलेली मुलगी तेवढी राहिली.

शिंगेनची मुलगी मात्सुहिमे आणखी वेगळी. लहानपणी तिचं लग्न ठरलं होतं याच ओदा नोबुतादाशी, जो पुढे काई जाळत आला. ती लहान मुलींना घेऊन डोंगर ओलांडून हाचिओजीला पोचली, संन्यास घेतला आणि तिथेच राहिली.

---

तोक्योकर

नोकरीनिमित्त इकडे असतो, तानोला जाऊन आलोय. चुओ मार्गावर काई-यामातो नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथून चढणीच्या रस्त्यानं केइतोकु-इन मंदिर. हे इएयासुनं, म्हणजे त्यांच्या शत्रूनंच, त्यांच्यासाठी बांधवलं. आवारात तीन पसरट दगड आहेत, कात्सुयोरी, त्याची बायको आणि मुलगा यांनी जिथे प्राण सोडले त्या जागा म्हणून दाखवतात. पाठीमागे तिघांची समाधी, मधली त्याची.

मला धक्का बसला तो जागेच्या अरुंदपणाचा. दरी एवढी चिंचोळी की शंभर माणसं नीट ओळीत उभी राहणार नाहीत. एकेकाळी ज्याच्यामागे पंधरा हजार चालत होते, त्याला लढायला एवढीच जागा मिळाली. ज्या सासागो खिंडीत ओयामादानं अडवलं, तिच्याखालून आता रेल्वेचा बोगदा जातो, काही मिनिटांत पलीकडे.

---

उत्सुक_वाचक

आणि ते तीन फितूर? त्यांना काय मिळालं?

---

बखरवाचक

ओयामादा नोबुशिगे बक्षिसाच्या आशेनं नोबुतादापुढे गेला. त्याला धन्याशी बेइमानी केल्याबद्दल मारून टाकलं. बाइसेत्सुला त्याचा मुलूख राखू दिला, पण तीन महिन्यांच्या आत क्योतोत, होन्नो-जीच्या बंडात, नोबुनागा आणि नोबुतादा दोघे मेले, तेव्हा हा इएयासुबरोबर साकाईला होता. परतताना दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इएयासु घरी पोचला, बाइसेत्सु उजीच्या परिसरात वाटेतच मारला गेला. किसोंची १५९० मध्ये बापजाद्यांच्या खोऱ्यातून उचलबांगडी झाली, दूर पूर्वेला दहा हजार कोकुंवर, आणि मुलाच्या काळात तेही गेलं.

काई शेवटी इएयासुकडे आलं. त्यानं ताकेदांच्या आठशेहून जास्त माणसांकडून निष्ठेची शपथपत्रं घेतली आणि त्यांना आपल्या चाकरीत ठेवलं. यामागाताचे लाल चिलखतवाले इएयासुचा सरदार ई नाओमासा याच्या हाताखाली गेले. काही हाचिओजीला सरहद्दीच्या पहाऱ्यावर बसले. खाणींचं काम ओकुबो नागायासुकडे गेलं, तोही मूळचा ताकेदांच्या पदरचा.

घराण्याचं नाव चालावं म्हणून इएयासुनं आपला पाचवा मुलगा ताकेदा नोबुयोशी म्हणून बसवला. तो १६०३ मध्ये निपुत्रिक वारला. रक्ताची रेघ टिकली ती त्या आंधळ्या दुसऱ्या मुलाची, जो डोळ्यांमुळे वारसाच्या हिशेबात कधी धरलाच गेला नव्हता. त्याचा मुलगा ओकुबो नागायासुच्या प्रकरणात अडकून ओशिमा बेटावर हद्दपार झाला आणि तिथेच मेला. पुढच्या पिढीला माफी मिळाली, आणि १७०० च्या आसपास शोगुनच्या दरबारात या घराण्याला समारंभांच्या मानकऱ्याची जागा मिळाली. नेमणूक पाचशे कोकुंची.